एकशे सतराव्या पानावरचं प्रेत

पहिल्या एकशे सोळा पानांत चहाचे एकतीस कप होते, सात छत्र्या, दोन कुत्री, लंबकाचं एक घड्याळ, धुक्याची अकरा वर्णनं, पुस्तकाच्या नावात सात असले तरी प्रत्यक्षात पाचच पाहुणे, आणि कोणीही उघडत नव्हतं अशी एक लोखंडी पेटी. प्रेत एकही नव्हतं.

हे मी मोजलं होतं, कारण वाचताना दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

"'इन्स्पेक्टर राजवाडकरांनी कप खाली ठेवला,'" मी वाचलं. "'बशीत चहाचा एक थेंब सांडला होता. त्यांनी त्या थेंबाकडे बराच वेळ पाहिलं.'"

"किती वेळ?" वरून आवाज आला.

"बराच."

"पुसला का?"

"पुढच्या पानावर बघू."

"मेल्याला बायको नसणार. असती तर एव्हाना दोन शब्द ऐकून पुसून मोकळा झाला असता."

वरून म्हणजे खरोखरच वरून. मी जमिनीवर चटई टाकून उताणी पडले होते आणि माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर विजूआत्याचा चेहरा होता. काकांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, जुना नवारीचा पलंग काढून त्याच्या डोक्याकडच्या दोन पट्ट्या सोडवल्या होत्या आणि त्या फटीत आत्याचं तोंड बरोबर बसत होतं. भोवती जुन्या साडीची चुंबळ. उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी. डावा डोळा उघडा, पण तो काचबिंदूनं केव्हाच गेलेला. आत्या पालथी पडून जमिनीकडे तोंड करून ऐकत होती आणि मी आभाळाकडे तोंड करून वाचत होते. मिरजेतल्या त्या खोलीत कोणी पाहुणा आला की आधी दारातच थबकायचा.

डॉ. शहापुरेंनी आम्हाला नीट समजावून दिलं होतं. उजव्या डोळ्याच्या पडद्याला अगदी मध्यभागी छिद्र पडलं होतं. शस्त्रक्रिया करून त्यांनी डोळ्यात वायूचा एक बुडबुडा सोडला होता.

"बुडबुडा कुठं जातो?" त्यांनी मला विचारलं. मी नुकतीच एम. एस्सी.ची परीक्षा दिलेली आहे, विषय पदार्थविज्ञान, हे काकांनी त्यांना दारातच सांगून टाकलं होतं.

"वर."

"मग पडदा वर यायला हवा. म्हणजे पेशंटनं पालथं पडायला हवं. बुडबुडा अंगठ्यासारखा छिद्रावर दाबून राहील आणि छिद्र भरेल. सात दिवस. जेवताना, चालताना मान खाली. झोपतानाही. मान वर केलीत की अंगठा सुटला."

"आणि सुटला तर?" आत्यानं विचारलं.

"तर एवढं सगळं करून काही उपयोग नाही. आणि तुम्हाला दुसरा डोळा नाही."

आत्याची शिलाई मशीन खिडकीपाशी होती. गेली तीस वर्षं अर्ध्या ब्राह्मणपुरीचे ब्लाउज त्या मशीनवर झाले होते. छिद्र पडल्यापासून तिला सुईचं नाक दिसत नव्हतं, कात्रीखालची खडूची रेघ मध्येच तुटलेली दिसत होती, आणि सरळ शिवण वाकडी. तक्त्यावरचं सगळ्यात वरचं एकच मोठं अक्षर ती वाचू शकत होती. डॉक्टर त्याला सहा बाय साठ म्हणत होते, म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून जे दिसतं ते हिला सहा मीटरवरून.

"मशीनवर कधी बसू?" तिनं विचारलं होतं.

"दीड महिन्यानं बुडबुडा विरघळेल. तेव्हा तक्ता वाचून घेऊ. वरून चौथी ओळ वाचलीत, म्हणजे सहा बाय अठरा, तर बसा. त्याच्या अलीकडे राहिलात तर सुईला हात लावायचा नाही. बोटात घालून घ्याल."

तर असं होतं. आणि सात दिवस आत्याला पालथं ठेवण्यासाठी माझ्या हातात होतं 'सागवान बंगल्यातले सात पाहुणे', तीनशे शहाण्णव पानं.

आता हे पुस्तक माझी निवड नव्हती, हे मला स्पष्ट करायचं आहे. पहिल्या दिवशी मी माझ्या बॅगेतली कादंबरी काढली होती. चांगली, आटोपशीर, पहिल्या परिच्छेदात खून. आत्याला रहस्यकथा प्राणाहून प्रिय. लहानपणी मी सुट्टीत इथे यायचे तेव्हा ती एका हातानं आमटी ढवळत दुसऱ्या हातात पुस्तक धरायची आणि खुनी सापडला की डाव आमटीत सोडून द्यायची. संध्याकाळपर्यंत आम्ही अर्धं पुस्तक संपवलं. नायिका अंधाऱ्या जिन्यावर होती. दाराची कडी हलली. मी वाचलं, "'दार उघडलं, आणि दारात उभा होता—'"

"कोण?" आत्या ओरडली आणि दोन्ही हातांवर रेटा देऊन उठून बसली. मान ताठ, चेहरा सरळ माझ्याकडे, म्हणजे जिथं मी असेन असं तिला वाटलं तिकडे.

काका स्वयंपाकघरातून धावत आले. "विजू! मान! मान खाली!"

ती लगेच पालथी झाली. पण काका पांढरेफटक पडले होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासून सांगितलं, या खेपेला निभावलं, पुन्हा निभावणार नाही.

त्याच दुपारी काका वाचनालयातून 'सागवान बंगला' घेऊन आले.

पुस्तकाबद्दल थोडं सांगते. लेखकाचं नाव सांगत नाही; त्याच्या घरच्यांचा काही दोष नाही. कथा एका थंड हवेच्या ठिकाणी घडते. बंगल्यात पाहुणे जमतात. मालक जहागीरदार कोणाला तरी घाबरलेले आहेत. कोणाला, हे ते प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सांगायला तोंड उघडतात आणि तेवढ्यात नोकर चहा आणतो. मग पुढचं प्रकरण चहानं सुरू होतं. सुरुवातीला मला वाटलं, या चहात काहीतरी असणार. कोणीतरी कप बदलेल, कोणीतरी साखरेत विष घालेल. म्हणून मी मोजायला लागले. मी कोणत्या कपातून कोण प्यायलं याचं मनात कोष्टक केलं. पन्नासाव्या पानापर्यंत माझ्या लक्षात आलं की लेखकानं असलं काही केलेलं नाही. त्याला फक्त चहा आवडत होता.

सोळाव्या पानावर पौर्णिमा होती आणि चार दिवसांनी, बत्तिसाव्या पानावर, अमावास्या.

"हे कसं शक्य आहे?" मी पुस्तक छातीवर आपटलं. "पंधरा दिवस लागतात! पहिलीतल्या पोराला विचारा!"

"तुझा चंद्र राहू दे," आत्या म्हणाली. "त्या नलिनीनं गडद निळ्या रेशमाचा ब्लाउज घातलाय ना? मघाशी पाठीमागून हुक लावत होती. आता म्हणतो, पुढचं हुक तुटलं. दोन्हीकडून हुक कोण लावतं गं? पोतं आहे का ते?"

हा एकच विरंगुळा होता. पुस्तकावर तोंडसुख घेण्यात आम्ही दोघी पुस्तकापेक्षा वेगवान होतो.

आम्ही एकट्याही नव्हतो. मिरजेच्या वाचनालयातले वाचक समासात पेन्सिलीनं बोलतात. चौसष्टाव्या पानावर कोणीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अजून खून नाही.' खाली वेगळ्या हातानं, 'धीर धरा.' त्याच्याखाली तिसऱ्यानं, 'किती?' नव्वदाव्या पानावर एका गृहस्थांनी सहीनिशी लिहिलं होतं, 'मी इथे थांबतो आहे. पुढे काय झाले ते पुढच्याने कळवावे.' मी हे सगळं आत्याला वाचून दाखवत असे. मूळ मजकुरापेक्षा ते बरं लिहिलेलं होतं.

एकशे सतराव्या पानावर खून झाला. म्हणजे झालेला आढळला. नोकर किंचाळला, पाहुणे धावले, आणि दिवाणखान्यात चादरीखाली कोणीतरी पडलेलं होतं. राजवाडकर चादरीजवळ आले. चादरीचं वर्णन एक पान. राजवाडकरांनी खाली वाकण्याआधी चष्मा पुसला. चष्म्याला एक परिच्छेद. हा चष्मा त्यांच्या वडिलांनी कसा दिला, वडील कोणत्या खात्यात होते, त्या खात्यात बदल्या कशा होत. एकशे एकविसाव्या पानावर त्यांनी चादरीचं टोक धरलं.

"आत्या," मी हळूच म्हटलं. "आता उचलतोय हं."

वरून उत्तर आलं नाही. मी पाहिलं तर आत्या गाढ झोपली होती. तोंड किंचित उघडं, श्वास संथ, चेहरा फटीत अगदी पक्का बसलेला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. काका शेंगदाणे भाजत होते.

"काका, हे पुस्तक बदलून आणा. हात जोडते तुमच्यापुढे. चादर उचलायला माणसाला पाच पानं लागतात! वाचनालयात दुसरं काही नव्हतं का?"

"भरपूर होती."

"मग हेच का आणलंत?"

काकांनी गॅस बारीक केला. "ग्रंथपाल हिंगमिरेंना मी म्हटलं, रहस्यकथा द्या. त्यांनी ताज्या चार काढल्या. मी म्हटलं, तशी नको. जी सगळ्यात जास्त वेळा अर्धी वाचून परत आली असेल ती द्या." त्यांनी एक शेंगदाणा चावून पाहिला. "त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. सरळ मागच्या कपाटाकडे गेले."

"विजूला खून तर पाहिजे," काका म्हणाले, "नाहीतर ती ऐकणार नाही. पण दचकायला नको. मग काय करणार? झोपली का?"

"झोपली."

"बघ," ते म्हणाले आणि शेंगदाणे ताटात ओतले.

तेव्हापासून मी पुस्तक बदलायचा हट्ट सोडला. पण मत बदललं नाही. गुंगीचं औषध गुंगी आणतं म्हणून त्याला कोणी पक्वान्न म्हणत नाही. मी रोज सकाळ-दुपार त्या चटईवर पडून वाचत राहिले. चादरीखाली जहागीरदार निघाले आणि राजवाडकरांनी पाहुण्यांच्या जबान्या घेतल्या. प्रत्येकानं तीच संध्याकाळ सांगितली, त्याच क्रमानं, त्याच चहासकट. शेजारच्या दुकानात दिवसभर कोणीतरी सतारीची तार जुळवत असे. खुंटी थोडी पिळायची, तार छेडायची, पुन्हा पिळायची. त्या तारेत राजवाडकरांपेक्षा जास्त कुतूहल होतं.

सातवा दिवस आला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता डॉक्टर पट्टी काढणार होते. तोवर मान खाली. पुस्तकाची पंचवीसेक पानं उरली होती आणि काका चार वाजता डोळ्यात घालायचे थेंब आणायला बाहेर पडले. एरवी थोडी शंका आली की ते पलंगाशेजारी बसून आत्याच्या मानेवर तळहात ठेवत. जाताना मला म्हणाले, "वाच आरामात. तुझ्या त्या राजवाडकरापासून काही धोका नाही."

आत्या हातपाय धुवून, मान छातीशी धरून परत आली आणि फटीत तोंड घालून पडली. मी पुढची पानं नुसती चाळली. किती उरलं ते बघायला.

त्या मूर्ख माणसाला शेवटी जाग आली होती. तीनशे सत्तर पानं पेंगून झाल्यावर त्याला आठवलं असावं की आपण रहस्यकथा लिहीत आहोत. एकाच पानावर दिवे जात होते, पिस्तूल झाडलं जात होतं, नलिनीच्या गळ्यावर कोणाचे तरी हात होते, आणि पुढच्या पानावर बुरख्याआडून खुद्द मेलेले जहागीरदार बाहेर येत होते. प्रत्येक ओळीला उद्गारचिन्ह. एका जागी तीन.

"आत्या, माझा घसा बसलाय," मी म्हटलं. "उरलेलं उद्या."

"उद्या? दिवाणखान्यात सगळ्यांना जमवलंय त्यानं. आता नाव सांगणार. आणि उद्या?"

"डॉक्टरांकडून आल्यावर."

"हे बघ ऋजुता, सात दिवस मी गुरासारखी पडलेय. तो चहा ऐकला, चष्मा ऐकला. आज मला खुनी पाहिजे. तू वाचणार नसलीस तर मी उठते आणि शेजारच्या दुकानातल्या मेहबूबला बोलावून आणते. तो वाचील."

ती उठली असती. मला तिची जात माहीत आहे. मीही त्याच घरातली.

"वाचते," मी म्हटलं. "पण मान."

"मानेला काय झालंय? वाच."

मी वाचायला लागले. "'राजवाडकरांनी सर्वांवरून नजर फिरवली. खुनी याच खोलीत आहे, ते म्हणाले. आणि त्याच क्षणी बंगल्यातले सर्व दिवे गेले!'"

फटीत उजेड आला.

आत्याचा चेहरा तिथं नव्हता. दोन बोटं वर गेला होता. पलंगाच्या कडेवर तिच्या हातांची पकड आवळलेली मला खालून दिसत होती. नवार करकरली.

"'राजवाडकरांनी खिशातून काडेपेटी काढली,'" मी म्हणाले. "'काडेपेटी दमट होती.'"

हे पुस्तकात नव्हतं.

उजेड तसाच होता. मी पुढे बोलत राहिले. "'त्यांनी पहिली काडी ओढली. ती पेटली नाही. त्यांनी दुसरी काडी ओढली. दुसरीचं गूल निघून आलं. ही काडेपेटी त्यांनी गेल्या मंगळवारी बाजारात घेतली होती. दुकानदार त्यांच्या ओळखीचा होता. त्याचं दुकान उताराला असल्यामुळे तिथं ओल येत असे.'"

फटीत हळूहळू अंधार झाला. चेहरा परत आला. कपाळ चुंबळीला टेकलं.

"आलं ह्याचं गाडं पुन्हा उतारावर," आत्या पुटपुटली.

मी पान उलटल्याचा आवाज केला. पुढची खरी ओळ होती, 'गोळी सुटली!!!' मी ती गिळली. राजवाडकरांनी पाचवी काडी ओढली. नोकराला कंदील आणायला सांगितलं. कंदिलात रॉकेल नव्हतं. रॉकेलची बाटली कोठीत, कोठीची किल्ली स्वयंपाकिणीकडे, स्वयंपाकीण मुलीकडे बाळंतपणाला गेलेली. दरम्यान पाहुणे अंधारात बसून होते. दिवाणखान्याच्या पडद्यांना जाड अस्तर लावलेलं असल्यामुळे बाहेरचं चांदणं आत येत नव्हतं. अस्तर मांजरपाटाचं होतं आणि एका बाजूला थोडं आखडलं होतं, कारण शिवण्याआधी ते भिजवून घेतलेलं नव्हतं.

आत्यानं हुंकार दिला.

मग कुठं, पडद्यांच्या मागे, कसला तरी आवाज झाला. गोळी सुटली असावी, असं एका पाहुण्याला वाटलं. दुसऱ्याला वाटलं दार आपटलं. यावर त्यांच्यात चर्चा झाली. अशा रीतीनं मी तो सगळा दंगा थोडा थोडा करून, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा मऊ करून तिला भरवला. एका ओळीच्या खऱ्या मजकुराला माझी दहा मिनिटं. प्रत्येक उद्गारचिन्हावर मी एक दिवा मालवला किंवा एक कप भरला.

लिहिण्याचं हे काम अवघड असेल अशी माझी समजूत होती. नव्हतं. पाणी वाढवायला अक्कल लागत नाही. त्या लेखकाबद्दल माझा आदर तसूभरही वाढला नाही, उलट जो होता तोही गेला. माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर एक डोळा होता. त्याच्या डोक्यावर काय होतं?

शेवटी खुनी आला. टाळता येण्यासारखा नव्हता. जहागीरदारांचा जुळा भाऊ, जो रंगूनला होता आणि ज्याचा उल्लेख आधीच्या तीनशे सत्तर पानांत कुठंही नव्हता.

मी ते शक्य तितक्या सपाट आवाजात वाचलं.

"जुळा भाऊ," आत्या म्हणाली.

"हो."

"आधी होता कुठं?"

"रंगूनला."

"मी सात दिवस आडवी पडून ऐकलं, आणि हा रंगूनला?" नवार पुन्हा करकरली. "आणि ती पेटी? लोखंडी? तिच्यात काय निघालं?"

मी शेवटचं पान वर-खाली पाहिलं. राजवाडकर टांग्यात बसले होते. नलिनीनं रुमाल हलवला. धुकं. समाप्त. पेटी नव्हती. एकोणिसाव्या पानावर किल्ली हरवलेली, जिच्याभोवती दोघं पाहुणे भांडले, जिच्यावर जहागीरदारांनी हात ठेवून 'माझं मरण यात आहे' असं म्हटलं होतं, ती पेटी लेखक विसरून गेला होता. खाली समासात कोणीतरी पेन्सिलीनं इतक्या जोरात काहीतरी लिहिलं होतं की कागद फाटला होता.

"काय निघालं?" आत्याचा आवाज चढला. "उघडली ना त्यानं? का नाही उघडली? ऋजुता!"

फटीत पुन्हा उजेडाची रेघ दिसायला लागली. मला आजवर वाटत होतं की धोका उत्कंठेचा आहे. तो मघाशीच टळला होता. हा संतापाचा होता, आणि तो जास्त जोरात वर येत होता.

"उघडली!" मी म्हटलं. "'राजवाडकरांनी किल्ली फिरवली. झाकण उघडलं. आत... आत भुशात नीट गुंडाळून ठेवलेले चहाचे कप होते.'"

"कप?"

"'चिनी मातीचे. राजवाडकरांनी ते मोजले. एकतीस होते.'"

रेघ थांबली. मग पलंग हलायला लागला. मी घाबरून उठणार, तेवढ्यात मला कळलं की आत्या हसते आहे. तोंड चुंबळीत दाबून, खांदे गदगदा हलवत, कपाळ घट्ट खाली रोवून.

"फुटलेला एकही नाही?" तिनं मध्येच विचारलं.

"'एकाचा कान उडाला होता.'"

काका थेंब घेऊन दारात आले तेव्हा आम्ही दोघी हसत होतो. त्यांनी आधी बायकोची मान पाहिली. मग पिशवी खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, यंत्रातून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, छिद्राच्या कडा जुळलेल्या दिसताहेत, पण नजर किती येईल ते आत्ता सांगत नाही. पुस्तक मीच परत केलं. त्याआधी नव्वदाव्या पानावर, 'पुढच्याने कळवावे' याच्याखाली, पेन्सिलीनं लिहिलं, 'कळवते. पेटी उघडत नाही.'

दीड महिन्यानं मी पुन्हा मिरजेला गेले. एम. एस्सी.चा निकाल लागला होता, पण त्याबद्दल घरात कोणी फारसं विचारलं नाही. दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघं ओळीनं बसलो. आत्या आपल्या पदराचा काठ डोळ्याजवळ धरून बघत होती, लांब नेत होती, पुन्हा जवळ आणत होती.

"ते पडद्याचं अस्तर तुझं होतं ना?" ती एकदम म्हणाली.

"कोणतं?"

"मांजरपाटाचं. भिजवून न घेतल्यामुळे आखडलेलं. ज्या माणसाला ब्लाउजला हुक कुठं असतं ते कळत नाही, त्याला अस्तर आखडतं हे कुठून कळणार? ते माझ्या घरातलं बोलणं आहे."

मी काकांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीवरचं पोस्टर वाचण्यात गुंतले होते.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलून काय करू? मला कळलं होतं तू का करतेयस ते. मान खाली ठेवून ऐकत राहिले." तिनं पदर सोडला. "पण एक सांगू? रागावू नकोस. तुझं त्याच्यापेक्षाही रटाळ होतं."

आतून नाव पुकारलं गेलं. काका बाहेरच थांबले. मी आत्याला धरून आत नेलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. डॉक्टरांनी तिच्या डाव्या डोळ्यावर झाकण धरलं. समोरच्या तक्त्याचा दिवा लागला.

"वरून वाचा. सावकाश."

"र," आत्या म्हणाली. ते अक्षर तिला आधीही दिसत होतं.

"पुढची ओळ."

"ग. म."

"पुढची."

तिनं मान किंचित पुढे नेली. डॉक्टरांनी खांद्याला हात लावून मागे घेतली. "प," ती म्हणाली. "ल. ट."

"त्याच्या खालची."

आत्या थांबली. तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली जात होती, दोऱ्याचं टोक वळावं तशी. मला घाई झाली होती.

"क," ती म्हणाली. "न." मग बराच वेळ गेला. "घ. नाही, ध. ध आहे. आणि द."

"त्याच्या खालची?"

"नुसती मुंग्यांची रांग दिसते."

डॉक्टरांनी दिवा बंद केला आणि टेबलाशी जाऊन कागदावर लिहिलं. उजवा डोळा, ६/१८.